दुपारी पेटवलेला राब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच. आता तुम्हाला सांगायला बसले आणि बसल्या-बसल्याच हलकं वाटायला लागलं — लाज वाटायला हवी होती खरं तर.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. मी पुण्यात मानवशास्त्र शिकत होते. आमच्या सरांना कुठूनसा चावीचा कॅमेरा मिळाला होता, आणि लोकांचं जगणं नुसतं लिहून काढण्याऐवजी फिल्मवर टिपायचं खूळ त्यांनी आम्हालाही लावलं. नियम एकच — घडतंय ते टिपायचं, आपण मध्ये लुडबुडायचं नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी तो वळणदार अक्षरात लिहून ठेवला होता.

मला मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत पाठवलं. निघताना वडिलांनी आपलं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. उतरले हौसाबाईंकडे. विधवा, मूलबाळ नाही, नवऱ्यामागं भाताची दोन खाचरं एकटीनं करायच्या. त्या खाचरांवर दिराचा डोळा होता, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते.

भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. हौसाबाई तो पहाटे भाजायच्या, वारं पडलेलं असताना, आणि आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकेल अशा अंगानं पेटवायच्या. पण पहाटे उजेड कुठला? आणि नुसता धुमसणारा राब — त्यात बघण्यासारखं काय? मला ज्वाळा हव्या होत्या. कॅमेरा दोन दिवसांनी परत द्यायचा होता. मी म्हटलं, दुपारी पेटवू या. आणि वारं येतंय त्या बाजूनं.

"दुपारचं वारं लई वंगाळ असतंय, ताई," त्या म्हणाल्या. मी हट्टच धरला. "तुमी शिकल्याली मान्सं. बगा बाई."

ज्वाळा मिळाल्या. त्या बांध ओलांडून दिराच्या गवताच्या गंजीवर गेल्या, तिथून गोठ्याच्या छपरावर. गुरं चरायला गेली होती म्हणून वाचली. मी चावी देत होते आणि टिपत होते — हो, तेव्हाही.

संध्याकाळी देवळापुढं माणसं जमली. एवढी वर्षं राब भाजणारी बाई भर दुपारी काडी लावते कशी, असं दिरानं विचारलं. हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी फक्त त्या काय करतात ते टिपत होते." एवढंच. खरं बोलले असते तर काय झालं असतं? फिल्म बाद झाली असती, सरांपुढं मान खाली गेली असती. बस्स.

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. का? पाहुणीला उघडं पाडायचं नाही म्हणून असेल. हिला आता शेती झेपत न्हाई, असं ठरलं, आणि दोन्ही खाचरं दिरानं कसायला घेतली. त्यानंतर त्या स्वतःच्याच खाचरात मजुरीनं लावणीला जातात, असं मला कळलं. मी पुन्हा गेले नाही.

फिल्मला पहिला वर्ग मिळाला. विद्यार्थिनीनं कुठंही ढवळाढवळ केलेली नाही, असा शेरा होता. दिसणार कशी — जोडणी करताना सुरुवातीचा वीतभर तुकडा मीच कापून बटणांच्या डबीत टाकला होता.

आता हौसाबाई नाहीत. मी आज तो तुकडा पाकिटात घातला, ती फिल्म तुमच्या संग्रहात ठेवलीय ना, तिथं पाठवायला. सोबत हे लिहिलेलं. खूप वर्षांनी दुपारी छान झोप लागली.

पाठवण्याआधी एकदा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. हौसाबाई काडी घेऊन थांबल्यात, पेटवत नाहीयेत. चौकटीच्या कडेनं एक हात आत आलाय, मनगटावर माझ्या वडिलांचं घड्याळ. बोट त्यांना जागा दाखवतंय.