कण्हेरीच्या दोन कुंड्या

पद्मिनीबाई म्हणजे नागालाही न भ्यालेली बाई. फलटणजवळच्या घरी एकदा चुलीमागं नाग निघाला, तर बाईंनी त्याच्यावर टोपली पालथी घातली, टोपलीवर पाटा ठेवला, तव्यावरची भाकरी उतरवली आणि मग सावकाश माणसांना हाक मारली. एसटीत कंडक्टर असलेले त्यांचे यजमान पुढं जन्मभर प्रवाशांना ही गोष्ट सांगत होते. अशी बाई एका फुलाला भ्याली, ते सांगायचं आहे.

यजमान गेल्यावर त्या अमेरिकेत एडिसनला, मुलाकडं येऊन राहिल्या. यतीनच्या घरामागं सिमेंटचं छोटं अंगण आहे, त्याला तो पॅटिओ म्हणतो. दिवसभर उन्हाला सामोरं. जुलैत तिथं पापड वाळवावेत. वाळवले असते तर पुढचं काही झालंच नसतं, पण बाईंना हवी होती देवाला घरची फुलं. पहिल्या उन्हाळ्यात मोगरा करपला. गुलाबाला कळ्या धरल्या, तर मागच्या झाडीतून हरणं आली आणि पंगतीला बसल्यासारखी एकेक कळी खाऊन गेली.

"आई, प्लॅस्टिकची आणू का?" यतीन म्हणाला. "पाणी नको, हरणांची भीती नको. झिरो मेंटेनन्स."

"देवाला प्लॅस्टिक वाहू? मग नैवेद्यही तुझ्या फोनमधलाच दाखवते!"

पुढच्या जूनमध्ये सून रेणू त्यांना हायवेवरच्या नर्सरीत घेऊन गेली. शेकडो अनोळखी झाडं. बाई हिरमुसून परत फिरणार, तेवढ्यात कोपऱ्यात त्यांना माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. कण्हेर! गुलाबी, टवटवीत, दोन कुंड्या.

"अगं रेणू, ही तर आपली कण्हेर! रस्त्याच्या मधोमध लावतात बघ. ट्रकचा धूर खाते आणि फुलते. हिला काय ऊन लागणार!"

आणि बाईंना सासूबाईंची चिंगी आठवली. चिंगी नावाची शेळी. तिनं तलाठ्याची छत्री खाल्ली होती, शाळेतला नकाशा अर्ध्या हिंदुस्थानापर्यंत खाल्ला होता, एका वरातीत तर नवरदेवाच्या मुंडावळ्या घोड्यावरून ओढल्या होत्या. पण कण्हेरीपाशी आली की नाक लावायची आणि मागं सरायची. "शेळी खात नाही, ते हरीण काय खाणार?" बाईंचा हिशेब पक्का होता. शेळी का खात नाही, हे मात्र चिंगीला कुणी विचारलं नव्हतं.

रेणूनं कुंडीतली चिठ्ठी वाचली. "भरपूर ऊन चालतं, पाणी कमी लागतं, हरणं तोंड लावत नाहीत. आई, परफेक्ट आहे!" तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि चिठ्ठीची मागची बाजू वाचायची राहिली.

कण्हेर अशी फुलली की शेजारीपाजारी थांबून बघायला लागले. रोज सकाळी बाई तिची फुलं खुडून पूजा करायच्या. तीन वर्षांची नात इला शेजारी मांडी घालून बसायची. पूजा झाली की तळहाताची वाटी पुढं करायची. बाई तिला तुळशीचं पान टाकलेलं एक पळी तीर्थ द्यायच्या. "आधी सगळ्यांना द्यायचं, मग आपण घ्यायचं," हेही त्यांनीच शिकवलेलं.

त्या शनिवारी तुळस नव्हती म्हणून बाईंनी तीर्थात कण्हेरीचीच दोन फुलं सोडली होती. पूजा नुकतीच झाली होती, तीर्थ द्यायचं राहिलं होतं. यतीन बाहेर गेला होता, रेणू घरातच होती. शेजारची अनया चुकून तिच्या दारात पडलेलं पार्सल द्यायला मागच्या बाजूनं आली. जन्म इथलाच, नर्सिंग शिकतेय, मराठी मोडकीतोडकी पण गोड. कुंडीपाशी ती थबकली.

"आजी, हे ओलिअँडर आहे? यू नो हे पॉयझनस आहे ना?"

"काय आहे?"

"विष. पानं, फुलं, सगळं झाड. फुलं ठेवलेलं पाणीसुद्धा. हार्टवर जातं. इला इथं खेळते ना?"

देवघर त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्या धावत आत गेल्या. तीर्थाची वाटी खाली जमिनीवर होती. तळाला दोन गुलाबी फुलं चिकटलेली. पाणी नाही. आणि इला, फ्रॉक पुढून ओला, हातात पळी.

"इला! वाटीतलं तीर्थ कुठंय?"

"ऑल गॉन," इला म्हणाली आणि हसली.

त्यापुढचं बाईंना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. उलटी व्हावी म्हणून त्यांनी मीठपाणी ढवळायला घेतलं, तर अनयानं ग्लास हातातून काढून घेतला. "नो आजी, उलटी नाही करायची!" रेणू विषबाधेच्या हेल्पलाइनवर बोलत होती आणि तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. ताबडतोब इमर्जन्सीत न्या, म्हणाले. मोठ्या माणसांची तोंडं बघून इलानं जे भोकाड पसरलं, ते थांबेना. कुणी काही विचारलं की आणखी मोठ्यानं रडायची. गाडीत बाईंनी तिला छातीशी धरलं होतं. पोरीचं काळीज धडधडतंय की आपलं, हे त्यांना कळेना.

हॉस्पिटलात त्या एवढ्याशा छातीवर वायरी चिकटवल्या. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. रेघ जरा लांबली की बाई नर्सच्या तोंडाकडं बघायच्या. यतीन परस्पर तिथं आला. आईकडं न बघता तो इलाच्या पलंगाशी वाकला. ओरडला असता तर बरं, असं त्यांना वाटलं. रोज ह्याच हातानं पळी दिली. आज काय झालं तर हा हात घेऊन कुठं जायचं?

"यतीन," त्या हळूच म्हणाल्या, "मला परत पाठव हो गावाला."

"आई, प्लीज. आत्ता नको."

डॉक्टरीणबाई शहाणी होती. ती इलाशी औषधाचं बोललीच नाही. तिच्या कापडी सशाचं नाव विचारलं. ससा काखोटीला होताच.

"ही इज वेट," इला हुंदका आवरत म्हणाली.

"ससा ओला का झाला?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"तीर्थ दिलं. आधी बनीला. मग अस्वलाला. मग टी-रेक्सला. आजी म्हणते आधी सगळ्यांना." तिचा ओठ पुन्हा थरथरला. "मग माझं उरलंच नाही."

मग रेणू सशाला हातात घेऊन पिळायलाच लागली. थेंब गळले. यतीन खाली बसला आणि आईच्या गुडघ्यावर त्यानं डोकं टेकलं.

तरी डॉक्टरीणबाईनं संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. लहान मुलाच्या शब्दावर काळजाचं काम सोडता येत नाही, म्हणाली. रेघ मात्र एका चालीनं उड्या मारत राहिली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी यतीननं हातमोजे घालून दोन्ही कण्हेरी पिशवीत बांधल्या. ससा, अस्वल आणि तो टी-रेक्स डायनासोर दोनदा धुवून निघाले.

पुढच्या आठवड्यात रेणूच त्यांना नर्सरीत घेऊन गेली. बाई यायला तयार नव्हत्या. प्रत्येक झाडापाशी हात मागं घ्यायच्या.

"रेणू, मागची बाजू वाच."

"वाचली, आई."

"परत वाच."

झेंडू आणला आणि चिनी गुलाब आणला. दोघंही उन्हाचे सोबती, पाण्याला फार मागणी नाही. दोन्ही नावं रेणूनं हेल्पलाइनला फोन करून विचारून घेतली. तरी बाई रात्री उठून इलाच्या छातीवर हात ठेवून बघायच्या. देवाला फुलं वाहून झाली की बोटं साबणानं धुवायच्या, आणि तीर्थात आता तुळशीचं पानसुद्धा पडत नव्हतं.

मग एका सकाळी काचेच्या दारापलीकडं सळसळ झाली. हरीण. सगळा चिनी गुलाब मुळापर्यंत साफ करत निवांत उभं होतं.

"आई, हाकला ना!" रेणू ओरडली.

बाई हलल्या नाहीत. हरणाचं तोंड चावत हलत होतं, आणि कित्येक दिवसांनी बाईंचे खांदे सैल झाले.

"खाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "ह्याला तोंड तरी लावतंय. खा बाई, पोटभर खा." आणि त्यांनी इलाला हाक मारली, तीर्थ घ्यायला.