पाच मुठी नाचणी

पाटणच्या डोंगरातलं बनुबाईचं गाव धरणात गेलं आणि तिला आणून ठेवलं जतच्या माळावरच्या वसाहतीत, जिथं प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येतं. माणूस उचलून कुठंही ठेवला की रुजतो, असं कुणा शहाण्याला वाटलं असावं. सोळा वर्षं झाली त्याला. नवरा दुसऱ्याच वर्षी गेला, बरोबरची घरं पुण्या-मुंबईला पांगली.

गावचं म्हणून तिच्यापाशी एकच उरलं होतं, सासूनं दिलेली तांबडी नाचणी. वसाहतीतल्या बायकांनी मोकळ्या जागेत मिळून भाजीपाल्याची बाग केली होती, त्यातला एक वाफा तिचा. दरवर्षी अर्धं बी पेरायचं, अर्धं गाडग्यात राखायचं. पीक ओंजळभरही येत नसे, पण बी जितं राहायचं. बाजारात नाचणी पोत्यानं मिळते. ही कुठं मिळत नव्हती.

शेजारच्या वाफ्यातली लीलाबाई मेंढरं राखणाऱ्या घरची. "आवं, ह्या माळावं नाचणी? त्यापरीस दगुड पेरा, त्येला पानी लागत न्हाई," असं म्हणायची आणि स्वतःच्या घागरीतलं उरलेलं पाणी गुपचूप बनुबाईच्या वाफ्यात ओतायची.

यंदा वैशाखात सिनेमावाली संयोगिता आली. गाव गमावलेली माणसं आणि त्यांची बाग यावर तिला हलकाफुलका सिनेमा करायचा होता. पोरगी मनानं चांगली. तिनं विचारलं, "आजी, तुमच्याकडं कसं पेरतात, दाखवाल?" सोळा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बनुबाई हरखून गेली. वाफ्यावर पालापाचोळा आणि शेणी पसरून तिनं राब भाजला, राख निवल्यावर पदर खोचला आणि मूठभर बी विखरलं.

"छान! परत एकदा. आता नुसता हात फिरवा आजी, बी नको."

बनुबाईनं जीभ चावली. "रिकामी मूठ रानावं टाकू न्हाई, बाय. रान उपाशी ऱ्हातं."

वाळू घ्या म्हटलं, तर तीही नको. मग कधी ऊन गेलं म्हणून, कधी मागं शेळी ओरडली म्हणून, पुन्हा पुन्हा पेरणी झाली. चौथ्या वेळी तिनं राखणीच्या गाडग्यात हात घातला.

"आवं थांबा, बी संपंल!" लीलाबाई ओरडली.

"उगवंल की," बनुबाई म्हणाली. पाचव्या मुठीला गाडगं पालथं झालं.

उगवलंही दाट. मग टँकर आठ-आठ दिवस येईना, पाऊसही फिरकला नाही. घागरभर पाण्यात लीलाबाईनं नातवंडं बघावीत की वाफा? तिनं नातवंडं बघितली, त्यात तिचं काही चुकलं नाही. रोपं वाळून गेली. एखादा दाणा न उगवता राहिला असेल म्हणून बनुबाई दोन दिवस माती चिवडत बसली. मोहरीहून बारीक दाणा तो. एकही सापडला नाही.

दिवाळीनंतर बिरोबाच्या सभामंडपात सिनेमा दाखवला. संयोगितानं बनुबाईला मानानं पुढच्या खुर्चीत बसवलं. सिनेमात तिनं पाचही मुठी एकामागोमाग एक जोडल्या होत्या. म्हातारी ऐकतच नाही, पेरतेच आहे. लोक पोट धरून हसत होते. पाचव्यांदा पडद्यावरचा हात वर गेला, तशी बनुबाई उठली आणि ओरडली, "आगं ए, थांब! येवढी तरी ठेव!"

लोकांना वाटलं, हीसुद्धा गंमतच. आणखी हसले. लीलाबाई तेवढी उठली आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेली.