नवसाची साडी

अंबूबाईच्या तोंडाला लागू नये, हे आमच्या मळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इंदिरानगरच्या कडेला ती मेथी-कोथिंबीर विकते आणि कुणी फार घासाघीस केली तर जुडी फेकून मारते. तिची सून शुभांगी इतकी गरीब, की सासूने साधी हाक मारली तरी दचकायची.

नात झाली तर डोंगरातल्या धबधब्याला साडी नेसवीन, असा अंबूबाईचा नवस होता. नात झाली. मग श्रावणात तिचा मुलगा राज याने भाजीची पिकअप काढली आणि शेजारीण म्हणून मलाही सोबत घेतलं. कड्याच्या माथ्यावर गाडीतून उतरलो तर पाणी खाली दरीत असं आदळत होतं, की पायाखालचा खडक हादरत होता.

साडी प्रवाहात सोडायची आणि आरती संपेपर्यंत एक टोक हातात धरायचं, ही रीत. अंबूबाईने सुनेला दम भरला, "टोक सुटलं तर नवस वाया. मंग माझ्याशी गाठ हाय." त्या धाकाने शुभांगीने टोक बोटांना करकचून गुंडाळलं.

भिजून जड झालेल्या साडीला पाण्याने हिसका दिला. शुभांगी तोंडावर आपटली, ओठ फाटला आणि ती शेवाळावरून कड्याकडे ओढली जाऊ लागली. राजच्या कडेवर बाळ होतं. अंबूबाईने झेप घेतली, सुनेचे केस पकडले, पाठीत गुडघा रोवला. बोटांवरचा पीळ सुटेना. "सोडा, आई, सोडा," शुभांगी किंचाळत होती. नारळासाठी आणलेला कोयता शेजारी होता. अंबूबाईने तो उचलून साडीवर घाव घातले. साडी तुटली, तिच्याबरोबर करंगळीही.

शुभांगीची आई दवाखान्यात आली ती पेटूनच. धबधब्यावर आलेल्या कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओचा तुकडा तोवर सगळीकडे फिरला होता आणि त्यात नुसते केस, गुडघा आणि कोयताच दिसत होता. तिने अंबूबाईवर हात उगारला. अंबूबाई जागची हलली नाही.

"मारा," ती म्हणाली. "मीच धाक घातला व्हता तिला."

खाटेवरून शुभांगी म्हणाली, "मम्मी, हात खाली घे. मी सोडा म्हणून ओरडत होते. आईंनी नाही सोडलं."

अंबूबाई तिथेच फरशीवर बसली.