जावळाचा मामा

कुंडलची क्रांती हट्टाला पेटली की तिच्या उंब्रजच्या सासरची माणसं शहाण्यासारखी गप्प बसत. पण या वेळी गोष्ट शिवतेजच्या जावळाची होती. पोराला वर्ष पुरं व्हायच्या आत मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं, ही रीत. मामा एकच, वीरधवल. हवाई दलात हेलिकॉप्टरचा मेकॅनिक, आणि सध्या शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत. बदली तुकडी तिथं पोचली की तो सुटणार होता, म्हणून क्रांतीनं दिवसही तसाच धरला.

तुकडी पोचली, पण वीरधवल आला नाही. फोनवर म्हणाला, "क्रांते, माजा मुक्काम वाढलाय गं."

"का पन?"

"हितं मानसं कमी हायती."

क्रांतीनं फोन ठेवला तो ठेवलाच. पुढचे त्याचे फोन उचललेसुद्धा नाहीत. भावाला भाच्यापेक्षा हेलिकॉप्टर जवळचं, असं ती गावभर सांगत सुटली. सासूबाई, शालूबाई, म्हणाल्या, "चुलतभावाला बोलीव की. मामा तो मामाच." क्रांतीनं नाक मुरडत मान डोलावली.

जावळाच्या सकाळी जतचा रिजवान दारात आला. वीरधवलच्या हाताखालचा मेकॅनिक, नुकताच आफ्रिकेतून सुटून आलेला. मामानं धाडलेले भाच्याचे कपडे घेऊन आला होता.

क्रांतीनं चहा दिला, पण गोडवा चहातच. "तुमी बरं सुटलासा," ती म्हणाली.

रिजवाननं कप खाली ठेवला. "ताई, आमा दोगांच्या बदलीला एकच मानूस आला. सुटायचा हक्क दादांचा. पन माज्या बायकूचं दिवस भरत आलं हुतं. दादा म्हनलं, तू जा. तुमाला बोललं न्हाईत?"

क्रांतीला स्वतःची लाज वाटली. बाहेर चुलतभाऊ पाटावर बसायला निघाला होता. तिनं त्याला थांबवलं.

"रिजवानभाऊ, तुमी बसा."

"आगं, आसं कुटं आसतंय?" शालूबाई म्हणाल्या.

"आत्ती, दादानं घरी यायची आपली जागा ह्यास्नी दिली. मग दादाच्या जागी दुसरं कोन बसंल?"

शालूबाईंनी पाट पुढं सरकवला. "बसू दे," त्या म्हणाल्या.

रिजवान हातपाय धुऊन, शिवतेजला मांडीवर घेऊन पाटावर बसला. क्रांतीनं कितीतरी दिवसांनी भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाटासमोर धरला. वस्तरा लागताच शिवतेजनं भोकाड पसरलं.

"रिजवान, मान धर रं त्याची नीट," पलीकडून वीरधवल म्हणाला. क्रांतीनं फोन शिवतेजच्या आणखी जवळ नेला.