पाच भाकऱ्यांची वाकळ

त्या वर्षी मी तीन वाकळा शिवल्या आणि तिसरीची झडती घ्यायला घरी पोलीस आले.

पहिल्या दोन वाकळांवर इतका जाहीर संशय कुणी घेतला नव्हता. पहिली मामंजींसाठी होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, उभे राहिले की डोकं चौकटीला लागायचं, आणि मी माप घेतलं ते ते बसलेले असताना. (झोपलेल्या सासऱ्याला दोरी लावून मोजणारी सून निपाणीत तरी कुणी पाहिली नसेल.) ती वाकळ त्यांच्या गुडघ्यापाशी संपायची. दुसरी शिवताना मी माझ्या लुगड्याचा पदरच तिच्यात शिवून टाकला. दार वाजलं म्हणून उठले, तर वाकळही माझ्यामागून दारापर्यंत आली. दारातली बाई पाणीसुद्धा न पिता परत गेली.

मी मूळची सावंतवाडीकडची. आमच्याकडेही गोधड्या होत्या, पण त्या आई शिवायची आणि मी पांघरायची. कामाची वाटणीच तशी होती. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते. शाळा तिथंच सुटली, आणि पुढं घाटावरचं हे स्थळ आलं. हुंडा नाही, मानपान नाही. उलट लग्नाचं लुगडं सासूबाईंनीच आणलं. त्यामुळं मी त्या घराची इतकी मिंधी होते, की कुणी एक काम सांगितलं की दोन करायची. घागर भरायला सांगितली तर बंबही भरून ठेवायची. मीठ घालायला सांगितलं की काय व्हायचं ते सांगत नाही. 

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. दसरा झाल्यावर त्या म्हणाल्या, "शांते, वरीस होत आलं, माहेर बघितलं न्हाईस. दिवाळीच्या पाडव्याला धाडते तुला. पर रिकाम्या हातानं जाऊ नगंस. आईला एक वाकळ शिवून ने."

मला रडूच आलं. मग भीती वाटली. कारण त्या पुढं म्हणाल्या, "वाकळ पुरी झाली तर धाडते."

लढाईचे दिवस. नवं कापड मिळत नव्हतं, जुनं कुणी टाकत नव्हतं. मी चिंध्या मागत फिरायची तर लोक आपल्या अंगावरचे कपडे सावरून धरायचे. त्यात बेचाळीसची धामधूम नुकतीच होऊन गेलेली. सकाळी उठावं तर भिंतीवर सरकारविरुद्धचा कागद चिकटवलेला. तो कोण आणतं, कुठं दडवतं, हे पोलिसांना कळत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांकडंच बघायचे. लोकही एकमेकांकडं तसंच बघायचे. आमचे हे तंबाखूच्या वखारीत वजनावर होते. ते घरी पाच मिनिटं उशिरा आले तरी मामंजी त्यांच्या सदऱ्याचे खिसे दुरून डोळ्यांनी चाचपायचे.

वाकळ मला शिकवली शेजारच्या चंद्राक्कांनी. जैनाच्या घरची बाई. पाणी तिहेरी फडक्यातून गाळणारी, मुंगीला वाट देऊन मग पाऊल टाकणारी. त्यांनी मला धाव टाका दाखवला, आठ दिवस माझा टाका पाहिला आणि मग पाहायचं सोडून दिलं. शेवटचा कोपरा राहिला तेव्हा म्हणाल्या, "आता ह्यातनं भाकरी घाल आणि शीव."

"भाकरी?"

"व्हय. वाकळ उपाशी ठेवू नये गं. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याची झोप खाती. आणि कडक भाकरी घाल बरं का. मऊ घातलीस तर किडामुंगी हुतीय, आपल्याला पाप."

किती घालायची ते त्या बोलल्या नाहीत. त्या बोलणार होत्या, पण त्यांचं दूध उतू गेलं.

आमच्या घरी कडक भाकऱ्यांची बुट्टी भरलेली असायची. जोंधळ्याची कागदासारखी पातळ भाकरी, भाजून वाळवलेली. महिना महिना टिकते आणि चावली की शेजाऱ्याला ऐकू जाते. मी बुट्टीपाशी बसून विचार केला. ही वाकळ आई आणि धाकटी बहीण अशा दोघींची. एकेकीला दोन, म्हणजे चार. शिवाय एखादा पाहुणा आला तर? पाच. उपाशी ठेवणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. निदान माझ्या हातची वाकळ तरी उपाशी राहणार नव्हती. मी पाचही भाकऱ्या अख्ख्या, नीट एकापुढं एक पसरून आत सरकवल्या आणि तोंड शिवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी बुट्टी पाहिली.

"पाच भाकऱ्या कमी हायत."

मामंजी म्हणाले, "मांजर."

"मांजर झाकण परत लावत न्हाय."

मग त्यांनी मामंजींच्या मिशीकडं निरखून पाहिलं. मामंजींनी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी, काही कारण नसताना, माझ्याकडं पाहिलं. धान्याची एवढी टंचाई, आणि मी पाच भाकऱ्या चिंध्यांत पुरून बसलेली. आता सांगावं तर पाडवा गेला, माहेर गेलं. मी तोंड उघडलं नाही. शेवटी आत्याबाईंनी बुट्टीवर राखण ठेवायचं ठरवलं आणि घरात सगळ्यांत विश्वासाचं माणूस म्हणून मला नेमलं.

तीन दिवस मी इमानदारीनं राखण केली. एकही भाकरी गेली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "बघा, पोरगी बसली आणि चोरी थांबली." मी मान खाली घातली.

चौथ्या दिवशी वाकळ वाळत घालायची म्हणून त्यांनी ती उचलली, आणि ती वाजली. कुर्र.

आत्याबाई थबकल्या. परत दाबली. कुर्र.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाल्या, "शांते, ह्यात काय घातलंयस?"

"काही नाही."

"कुठनं काढलंस?"

"कुठून नाही."

मला वाटलं, आता म्हणतील, उसव. सून माहेरी जाताना घरातलं काही शिवून नेतेय, असंच कुणालाही वाटणार. पण त्यांनी वाकळेची घडी घातली, ट्रंकेमागं ढकलली आणि म्हणाल्या, "राहू दे. उसवू नगंस. आणि ह्यास्नी सांगू नगंस." चोराला पकडून वर त्याचा चोरीचा माल आपणच लपवणारी सासू मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्यांचाही संशय यायला लागला.

मामंजींना ती दुपारी सापडली. ते आपल्या आखूड वाकळेला कंटाळले होते, हल्ली ती पांघरतही नव्हते, जरा लांब काही मिळतंय का बघत होते. त्यांनी माझी वाकळ ओढली, ती कुरकुरली, आणि त्यांनी एका क्षणात निकाल दिला. मामंजी बेळगावच्या कोर्टात तीस वर्षं पुकारा करणारे शिपाई होते. हिंडलग्याच्या जेलात जाणारी माणसं आधी त्यांच्या आवाजानं कोर्टात यायची. पेन्शनीत आले तरी आवाज नोकरीतच राहिला होता. त्यामुळं दुसऱ्या दिवशी ओसरीवर न्हावी दाढी करत असताना त्यांनी ह्यांच्या कानाशी कुजबूज केली, ती तीन घरं पलीकडं ऐकू गेली.

"दत्तू, वाकळेत कागद हायत काय रं?"

ह्यांच्या हातातली पितळी पडली. "कसले कागद, आप्पा?"

"भिंतीवरचे. हळू बोल की."

न्हाव्यानं वस्तरा थांबवला, मान हलवली आणि अर्धीच दाढी करून निघून गेला. त्याला एकाएकी कुठलं तरी काम आठवलं होतं.

हवालदार आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन ओसरीवर यायच्या सुमारास. हुक्केरीकडचे, पोट सुटलेले, बोलायला मऊ. अशा मऊ माणसाची मला जास्त भीती वाटते.

"आप्पा, तुमच्याकडं एक वाकळ आलीया म्हनं, बोलती."

मामंजी खांबाला टेकले. ह्यांनी वखारीला निघालेलं पाऊल मागं घेतलं. एकट्या आत्याबाई डगमगल्या नाहीत. उलट मामंजींची आखूड वाकळ आणून त्यांनी आपल्या हातानं ओसरीवर अंथरली. "बसा की हवालदारसाहेब. सूनबाईनं शिवलीया. निजायला पुरत न्हाय, बसायला बरी हाय."

हवालदार तिच्यावर बसले. माझी वाकळ पुढ्यात आली. त्यांनी ती दाबली, कान लावला, माझ्याकडं पाहिलं.

"काय हाय ह्यात, बाई?"

"भाकऱ्या," मी म्हणाले.

खरं बोलल्यावर माणूस इतका खोटा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"भाकऱ्या. वाकळेत."

"पाच," मी म्हणाले. मला वाटलं आकडा सांगितला की विश्वास बसेल.

त्यांनी चाकूनं शिवण कापली. आत हात घातला आणि बाहेर काढला तो भाकरीचा तुकडा. मग दुसरा. मग ओंजळभर. आत्याबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला, आणि मामंजी म्हणाले, "म्हंजे मांजर न्हवतं."

मग मी रडत रडत सगळं सांगितलं. चंद्राक्का, उपाशी वाकळ, एकेकीला दोन, पाहुण्याला एक. हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"आमची आईबी घालती की. पर नखाएवढा तुकडा, बाई. तुमी वाकळेला पंगतच वाढलीया."

माल तपासायला पाहिजे, असं म्हणून त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. तपास बराच चालला. आत्याबाई आत जाऊन बुट्टीच घेऊन आल्या, वर शेंगाची चटणी, दही. "घ्या अजून एक. घ्या की. वाटेत भूक लागंल." भाकऱ्या मोजणारी माझी सासू पोलिसाला भाकऱ्या वाढत सुटली होती, आणि ओसरीवर नुसतं कुर्रम कुर्रम चाललं होतं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होते. हवालदारांनी घास गिळला, तोंड थांबलं, आणि ते मांडी बदलायला कलले.

कुर्र.

तोंड थांबलं होतं. कुरकुर थांबली नव्हती.

आखूड वाकळेत मी भाकरी घातलीच नव्हती. ती शिवली तेव्हा हा रिवाज मला ठाऊकच नव्हता. मी खाली पाहिलं. वाकळभर माझे टाके, कावळ्यानं चिखलात नाचावं तसे. आणि हवालदारांच्या गुडघ्यापाशी एक कोपरा, वीतभर, दोरी धरल्यासारखा सरळ. इतका सरळ टाका त्या घरात एकाच बाईचा होता, आणि ती बाई हवालदारांना दही वाढत होती.

मी पाहते म्हणून हवालदारांनीही खाली पाहिलं. त्यांनी बोट त्या कोपऱ्यावरून फिरवलं.

"ही वाकळ कुणी शिवली म्हणाला?"

"मी," मी म्हणाले.

"सगळी वाकडी, आनि हा एकच कोपरा सरळ?"

आत्याबाईंचा हात चटणीवर थांबला. मला दिसत होतं ते पाडवा, माहेर असलं काहीच नव्हतं. आत्याबाई हिंडलग्याला आणि मी बाहेर, हातात भाकरीची चवड घेऊन, एवढंच दिसत होतं.

"त्या दिवशी," मी म्हणाले, "माझा हात जरा बरा होता."

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. हातातल्या तांब्यातून पाणी सांडत होतं. त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. तेवढ्यात खांबापासून मामंजींचा कोर्टातला आवाज आला. त्यांना बिचाऱ्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

"हवालदार, माझी साक्ष लिवून घ्या. ही पोरगी वरीसभर रोज चुकतीया. जो मानूस रोज चुकतो, त्याचं एखाद्या दिशी चुकून बरोबर यायचंच की!"

आधी हवालदार हसले, मग हे हसले, मग ओसरीखाली जमलेली गल्ली हसली. हवालदारांनी दोन भाकऱ्या फडक्यात बांधून घेतल्या आणि गेले. माझ्या शिवणकामाला त्याआधी किंवा त्यानंतर कुणी इतकं मनापासून हसलं नाही, आणि मीही कुणाच्या हसण्यावर इतकी खूष झाले नाही.

मामंजी न्हाव्याकडं उरलेली अर्धी दाढी करायला गेले तेव्हा आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"ते कागद माझ्या बहिणीच्या पोराचे हायत," त्या म्हणाल्या. "परवा नेणार हाय त्यो. मला वाटलं, त्यातले थोडे तुला गावले आनि तू तुझ्या वाकळंत घातलेस."

"मला वाटलं, तुम्हाला भाकऱ्यांचं कळलं."

"ते कळलं असतं तर तुला तवाच बडवली असती," त्या म्हणाल्या, आणि माझी उसवलेली वाकळ मांडीवर घेऊन शिवायला बसल्या. आत नखाएवढा तुकडा त्यांनी स्वतः घातला.

पाडव्याला मी माहेरी गेले. निघताना मी पुढच्या वर्षाचे बेत त्यांना सांगितले: माप उभ्या माणसाचं घेईन, पदर खोचून बसेन, आणि भाकरी किती ते आधी विचारेन. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाल्या, "ते सगळं नंतर. आधी परत आलीस की मला तुझा तो वाकडा टाका शिकीव. पुढच्या खेपंला कोपरा वळखू यायला नगं."

तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईला आयुष्यात एवढी एकच विद्यार्थिनी मिळाली. पुढं वर्षभर मी तिला रोज शिकवलं, तिनंही मन लावून मेहनत केली. पण नाही जमलं. तसा टाका पडायला, त्या म्हणायच्या, मुळात अंगातच काहीतरी असावं लागतं.