चौथ्या ओळीतलं दादांचं झाड

कलमकाकांचं खरं नाव फळसंशोधन संस्थेच्या हजेरीपटाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. तीस वर्षं पीचची कलमं बांधून त्यांच्या डाव्या अंगठ्यावर सुरीच्या वणांचं जाळं झालं होतं, आणि स्वभावात थोडा ताठा आला होता. माझ्या हातचं कलम मरत नाही, असं ते कुणी न विचारताही सांगत.

त्यामुळे त्या सकाळी प्रयोगशाळेच्या मॅडम हसत बागेत आल्या आणि म्हणाल्या, "काका, अभिनंदन. चौथ्या ओळीतलं तुमचं झाड जंगली निघालं," तेव्हा ही शाबासकी की शिवी, हेच काकांना कळेना.

चौथ्या ओळीतलं झाड म्हणजे दादांचं. दादा काकांचे गुरू. त्यांनी स्वतः तयार केलेल्या वाणाचं हे एकुलतं एक झाड. दादा गेल्यापासून काकांनी ते तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं.

मॅडमनी बागेतल्या दोनशे झाडांची पानं तपासली होती. "लागवडीची बाकी सगळी चुलत भावंडं निघाली, काका. दोन-चार आईबापांचीच पैदास. उद्या एखादा रोग आला तर सगळी एकदम आडवी होतील. हे एकटं वेगळं आहे. यातूनच काटक वाण करता येतील."

"अहो, पण दादांचा वाण?"

मॅडमनी बुंध्याकडे बोट दाखवलं. कलमाचा सांधा काळा पडून केव्हाच वाळला होता. सगळं झाड सांध्याखालच्या, ज्यावर दादांची काडी बांधली होती त्या जंगली खुंटातून वर आलं होतं. बारा वर्षांपूर्वीच्या कडाक्याच्या थंडीत वरचं कलम जळलं, तेव्हा काका पाय मोडून घरी पडले होते. परतले तेव्हा झाडाला हिरवा फुटवा दिसला, आणि आनंदाच्या भरात तो कुठून आलाय हे त्यांनी पाहिलंच नाही. सांध्याखालचा फुटवा आधी छाटा, हे नव्या माळ्यांना घोकून घेणारा हा माणूस! पुढे फळं बारीक आली, तुरट आली. काकांनी जमिनीला दोष दिला, पाण्याला दिला, झाडाच्या वयाला दिला. स्वतःला सोडून सगळ्यांना.

दिवसभर त्यांना काही सुधरेना. जपलं ते मोलाचं ठरलं होतं, आणि जपायचं होतं ते मरून गेलं होतं. हसावं की रडावं ते कुणाला विचारणार?

संध्याकाळी ते दादांच्या घरी गेले. दर हंगामात त्या झाडाच्या फळांची पहिली टोपली वहिनींना पोचवायची, हा त्यांचा नेम. आज हात रिकामे होते. अडखळत त्यांनी सगळं सांगितलं.

"मला पहिल्याच वर्षी कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या फळाची चव मी विसरेन होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या हौसेनं आणायचास. तुझ्या तोंडाकडे बघून मला बोलवत नसे."

 काकांना एकदम आशा वाटली.

"वहिनी, त्या थंडीच्या आधी झाडाची एखादी काडी कुणी नेली होती का? बोटाएवढी असली तरी वाण परत उभा करीन मी."

"मी मागितली होती की," वहिनी म्हणाल्या. "अंगणातल्या रोपावर बांधायला. तू म्हणालास, दादांचं झाड एकच राहू दे."