लोकर बाजूला सारून

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून अ‍ॅनिमेशनच्या लघुपटांचा माझ्या धाकट्या चुलत्यांइतका कठोर परीक्षक दुसरा नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. साताऱ्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत तीस वर्षे काढल्यावर ‘एकमेव’, ‘सर्वात मोठा’ असे शब्द दिसले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. इथे तो गेला नाही. औंधच्या पूर्वेला यमाईचा डोंगर मागे टाकला की जे उघडे माळ लागतात, त्यांतल्या एका गावात चुलते राहतात. वयाच्या आठव्या वर्षापासून सत्तरी ओलांडेपर्यंत त्यांनी मेंढरे राखली. थिएटरात जाऊन सिनेमे किती पाहिले असे विचारले, तर दोन असे सांगतात आणि त्यांतल्या एकात झोप लागली होती हेही प्रामाणिकपणे सांगतात.

चार वर्षांपूर्वी गुडघ्याने दगा दिला. कळप दुसऱ्याच्या हवाली करून चुलते घरात बसले. त्यांची नात तेव्हा पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकत होती. सुट्टीला आली की ती मोबाइलवर देशोदेशीचे लघुपट बघत बसे, आणि बाजेवर बसून दुसरे काही काम नसल्यामुळे आजोबाही बघत. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मत दिले. “चितरं लय देखणी हायती. पर कुणीच बोलत का न्हाई? समद्यांचं भांडण झालंय का?” शब्दांशिवाय गोष्ट सांगण्याची हल्ली पद्धत आहे, म्हणजे ती जगात कुठेही कळते, असे नातीने समजावून सांगितले. चुलत्यांनी त्यावर पुरेसा विचार केला. मेंढरूही बोलत नाही, पण त्याला काय पाहिजे ते लगेच कळते. या माणसांना काय पाहिजे तेच कळत नाही, असा त्यांचा निर्णय पडला.

त्यांची परीक्षेची रीत बाजारातून आली होती. मेंढरू विकत घ्यायचे तर त्याच्या रूपावर जायचे नाही. लोकर दाट असली की हडकुळे जनावरही गुबगुबीत दिसते. म्हणून लोकर बाजूला सारून, बरगडीच्या मागे पाठीच्या कण्यावर अंगठा दाबून बघायचा. खाली मांस लागले तर “हाय” म्हणायचे, नाही लागले तर पुढच्या मेंढराकडे वळायचे. लघुपट निम्म्यावर आला की चुलत्यांचा अंगठा याच सवयीने मोबाइलच्या काचेवर पडे, आणि अर्थातच लघुपट जागच्या जागी थांबे. “बग,” ते नातीला म्हणत, “दाबलं की हुबाच ऱ्हातोय. निसती लोकर, अंगात काय न्हाई.” बोट लागले की चित्र थांबतेच, त्याचा चांगल्यावाइटाशी संबंध नाही, हे तिने अनेकदा पटवून दिले. त्यांनी ते मान्य केले आणि अंगठा दाबणे चालू ठेवले.

वर्षभरात लघुपट सांगणाऱ्यांच्या सगळ्या लकबी त्यांना पाठ झाल्या. म्हातारा किंवा म्हातारी दिसली की ती तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मरणार, हे ते आधीच जाहीर करत. “चष्मा काढला. आता चष्मा टेबलावर ऱ्हातोय, आन ह्यो जातोय.” तसेच होई. मग रिकामी खुर्ची, मग खिडकीतून ऊन, मग पेटीचे सावकाश सूर. इस्लामपूरला त्यांच्या सुनेच्या माहेरी मोठ्या टीव्हीवर असाच एक नावाजलेला लघुपट लावला होता. ऊसवाल्यांचे भरले घर, बायका पदर डोळ्यांना लावण्याच्या बेतात, आणि चुलत्यांनी शांतपणे सांगून टाकले की आता म्हातारी मरतीय. म्हातारी मेली. विहीणबाई चांगल्याच दुखावल्या. “आवं पावनं, रडू बी द्याचं न्हाई का मानसाला?” त्यांनी विचारले. “रडा की,” चुलते म्हणाले, “पर जित्ती हुती तवा तिनं काय केलं, तेवडं सांगा. मी बी रडतो.” विहीणबाईंनी टीव्ही बंद केला. आठ दिवसांनी मात्र त्यांचा फोन आला. शेवटपर्यंत जिवंत राहणारी एक म्हातारी सापडली होती, ती पावण्यांनी बघावी असा निरोप होता.

लांडग्यावरून त्यांचे नातीशी फार वाजले. अलीकडच्या लघुपटांत वाईट कुणीच नसते, ही त्यांची मुख्य तक्रार. लांडगा येतो तो एकटा आणि दुःखी असतो. एक लहान पोर त्याला मिठी मारते आणि गोष्ट संपते. चुलत्यांचा लांडग्याशी व्यक्तिगत परिचय होता. माळावर त्याचाही वाटा असतो हे ते मानत, त्याला शिवी देत नसत. “पर तो लांडगा हाय रं,” ते मला म्हणाले. “त्याला भूक हाय. मिठी मारून त्याची भूक जातीय का? त्याचा बी अपमान, मेंढराचा बी.” मी ते वाक्य टिपून घेतले आणि साताऱ्याला परतल्यावर रविवारच्या पुरवणीत याच विषयावर लेख लिहिला. छापील अंक त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो मांडीवर पसरला, पहिल्या दोन परिच्छेदांवर अंगठा दाबला आणि माझ्याकडे बघितले. त्या दिवसापासून माझ्या लिहिण्यातली विशेषणे निम्म्यावर आली.

चार वर्षांत त्यांनी “हाय” म्हटले ते एकदाच. एका गाढवाला पूल ओलांडायचा नसतो, एवढीच त्या लघुपटाची गोष्ट. मालक ओढतो, ढकलतो, गाजर दाखवतो. शेवटी दिसते की पुलाची एक फळी सुटलेली आहे आणि ती फक्त गाढवाने पाहिली आहे. चुलत्यांनी तो सलग सहा वेळा बघितला आणि अंगठा एकदाही दाबला नाही.

म्हणूनच नातीने पुण्यातली नोकरी सोडून वर्षभर खपून स्वतःचा आठ मिनिटांचा लघुपट काढला, तेव्हा तिने एक अट स्वतःलाच घातली. आबा “हाय” म्हणाल्याशिवाय तो बाहेर पाठवायचा नाही. घरात कुणालाही ही अट शहाणपणाची वाटली नाही. एका सकाळी तिने तो त्यांच्यापुढे ठेवला. मीही होतो. एक म्हातारा धनगर माळावर मेंढरे राखतो, आणि तो कोण हे विचारायची गरज नव्हती. पागोटे, मिशी, चालणे, सगळे हुबेहूब. शेवटी तो बाभळीखाली बसतो, हातातली काठी गळून पडते, मेंढरे एकेक करून वर उचलली जातात आणि त्यांचे ढग होतात. मागे पेटीचे सूर. मी रुमाल काढला होता, हे नमूद करतो. चुलत्यांनी अंगठा दाबला.

“मला मारलंस त्याचं काय न्हाई,” ते म्हणाले. “मानूस मरतंयच. पर मेंढरं कुणाच्या हवाली केलीस?”

“आबा, ती ढग झाली.”

“व्हय, दिसलं ते. पर ढग हुस्तवर त्यास्नी बगायला कोन हाय?”

दुसरा मुद्दा त्यांनी लगोलग काढला. चित्रात भर दुपार होती आणि मेंढरे सुटी सुटी उभी राहून चरत होती. अशी ती परमुलखात चरत असतील. आपल्या माळावर उन्हाच्या तडाख्यात मेंढरे गोळा होतात, माना खाली घालून एकमेकींच्या पोटाच्या सावलीत डोकी खुपसतात. “ज्याला सावली न्हाई, त्यो दुसऱ्याची घेतोय. तू ह्यात वाढलीस पोरी, आन चितर काडलंस दुसऱ्याचं बगून.” नात दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने रागानेच विचारले, की मग मेंढरे कुणाच्या हाती देऊ. “ते तू ठरीव,” ते म्हणाले. “गोष्ट तुजी हाय.”

तिने ठरवले. त्यासाठी तिला मेंढरे वळवण्याची हाळी हवी होती, आणि ती आबांच्याच आवाजात हवी होती. त्यांनी साफ नकार दिला. समोर मेंढरे नसताना हाळी घालणे म्हणजे खोटे बोलणे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी नातच शेजाऱ्याच्या कळपामागे माळावर जाऊ लागली. पहिले तीन दिवस तिच्या हाळीला एकही मेंढरू वळले नाही. शेजारी हसून म्हणाला, “पुन्याची हाळी हाय ती, इंग्रजीत जातीय.” चुलते काठी टेकत बांधापर्यंत येऊन बसत आणि काही शिकवत नसत. पाचव्या दिवशी एक म्हातारी मेंढी थांबली, तिने मान वळवली, आणि मागोमाग सगळा कळप वळला. तोच आवाज लघुपटात आहे.

तो साताऱ्यात एका सभागृहात, रविवारी सकाळी दाखवला गेला; बाहेर कुठे पाठवण्याआधी आबांनी तो मोठ्या पडद्यावर बघावा, असे नातीने ठरवले होते. निमंत्रितांत अर्धे निवृत्त फौजी होते. पडद्यावर दुपार होती, मेंढरांची डोकी एकमेकींच्या सावलीत होती, म्हातारा बाभळीला टेकून बसला होता. काठी गळाली. पेटी वाजली नाही. चित्राबाहेरून एका मुलीची हाळी आली. एका मेंढीने डोके वर काढले, मग सगळ्यांनी, आणि कळप आवाजाच्या दिशेने चालू लागला. माझ्या मागचे एक सुभेदार बायकोला कुजबुजत्या आवाजात विचारत होते, म्हातारं झोपलंय का गेलंय. “गप ऱ्हावा,” ती म्हणाली, “मेंढरं बगा.”

मी पडद्याऐवजी चुलत्यांच्या हाताकडे बघत होतो. पडदा लांब होता, अंगठा दाबायला काही नव्हते. खुर्चीच्या दांड्यावर तो थोडा वेळ घुटमळला. मग त्यांनी हात उचलला, शेजारी बसलेल्या नातीची वेणी बाजूला सारली आणि तिच्या पाठीच्या कण्यावर अंगठा एकदा दाबला.

“हाय,” ते म्हणाले.

दिवे लागले, लोक उठले, तरी हात तिथेच होता. कळप गेल्यापासून त्या हाताखाली एकही पाठ आली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.